सोनूताईंबद्दलचं एक वाक्य

सरांच्या खिशाला पेन नसायचं, पेन्सिल असायची. त्या पेन्सिलीपासून कल्याणातली एकही पाटी सुरक्षित नव्हती. कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये 'शुद्ध तुपातला शिरा' असा बोर्ड होता. त्याखाली सरांनी बारीक अक्षरात लिहिलं, 'संदर्भ हवा'. कॅन्टीनवाल्याने तीनदा पुसलं आणि चौथ्यांदा वैतागून बोर्डावरचा 'शुद्ध' हा शब्दच काढून टाकला. स्टाफरूममध्ये कोणाची लग्नपत्रिका लागली की 'सुस्वरूप' आणि 'सुविद्य' यांच्या डोक्यावर ते दोन शब्द आलेच म्हणून समजा. एका मॅडमनी त्यावरून सरांशी सहा महिने अबोला धरलेला. सर म्हणायचे, "मी त्यांच्या भाचीला नावं ठेवली नाहीत हो. कोणी सांगितलं, एवढंच विचारलं."

ते दोन शब्द नेटवरच्या ज्ञानकोशातले. सगळ्यांनी मिळून लिहिलेला, कोणीही उघडावा आणि कोणीही बदलावा, तो. तिथे एखाद्या वाक्याला आधार नसला की पुढे कंसात बारीक अक्षरांत 'संदर्भ हवा' असं टाकून ठेवतात. आमच्या वर्गातल्या एकाने किल्ल्यांवरचा प्रोजेक्ट तिथून जसाच्या तसा उचलला आणि तोंडी परीक्षेत धडाधड वाचून दाखवला. "हा किल्ला एका रात्रीत बांधला संदर्भ हवा." थांबला नाही, अडखळला नाही. आम्ही हसून हसून बेजार. सर मात्र गंभीर. म्हणाले, "अरे, त्या सबंध वाक्यात शेवटचे दोन शब्द तेवढे खरे होते."

सर जाऊन आता दोन वर्षं होतील. मी ठाण्याला ज्युनियर कॉलेजात इतिहास शिकवते. वर्गात कोणी "मॅडम, नेटवर असंच आहे" म्हणालं की मला सर दिसतात. त्यांच्या आठवणीने नुसतं गहिवरून आलं असतं तर बरं झालं असतं. मला लाज वाटते. कशाची, ते सांगायलाच बसलेय.

त्या कोशाबद्दल आमच्या कॉलेजात दोनच मतं होती. बाकीचे शिक्षक म्हणायचे, तिथून एक ओळ जरी घेतली तरी शून्य मार्क. मुलं "हो सर" म्हणायची आणि तिथूनच घ्यायची, फक्त 'होता'चं 'होते' करून. आमचे सर तिसरेच. पहिल्याच तासाला म्हणाले, "कोश बघा. जरूर बघा, मीसुद्धा बघतो. पण लेख नंतर वाचा. आधी त्याच्या इतिहासाच्या पानावर जा." प्रत्येक लेखाच्या मागे एक पान असतं. कोणी काय लिहिलं, कोणी काय खोडलं, सगळं तारीखवार. असं काही असतं हेच आम्हाला माहीत नव्हतं. सर ते पान गोष्टीचं पुस्तक वाचावं तसं चवीने वाचायचे. "हा मनुष्य बघा. दर मंगळवारी येतो आणि आपल्या गावच्या लढाईत शत्रूची दोनशे माणसं वाढवून जातो. आणि ही बाई बिचारी दर बुधवारी ती परत कमी करते. आता सांगा, तुम्ही लेख वाचलात तो कोणत्या वारी?"

मग तळटीपा. लेखाखालची एक टीप निवडायची आणि तिच्या मागे पायी जायचं, म्हणजे ते पुस्तक जिथे असेल तिथे जाऊन ते पान स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं. पुरावा म्हणून बसचं तिकीट प्रोजेक्टला लावायचं. स्टेपलर सरांच्या खांद्यावरच्या शबनममध्ये कायम असायचा. मी एकदा ठाण्याच्या लायब्ररीत गेलेले, टीप म्हणत होती पान दोनशे चौदा, आणि पुस्तक एकशे नव्वद पानांतच आटपलेलं. मी धावतपळत परत आले. सरांना काय आनंद झाला! शबनममधून बडीशेपेची डबी काढून माझ्यापुढे धरली. ती डबी ते कोणापुढे धरत नसत. म्हणाले, "आज तू इतिहास केलास. नाहीतर आम्ही नुसता शिकवतो." त्या दिवसापासून मी त्यांची लाडकी, आणि मला ते माहीत होतं.

स्वतः सर त्या कोशात लिहायचे ते स्टाफरूमच्या कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर, एका बोटाने, जेवणाच्या सुट्टीत. त्यांचं आणि आमच्या भागातल्या एका नगरसेवकाच्या कार्यकर्त्यांचं तर युद्धच जुंपलेलं. नगरसेवकाच्या नावामागे कोणीतरी 'कार्यसम्राट' लावायचं, सर दुपारी ते काढायचे, संध्याकाळपर्यंत ते परत यायचं. चार महिने हे चाललं. शेवटी दोन कार्यकर्ते कॉलेजात आले, चांगले गॉगलबिगल लावून. आम्हाला वाटलं, आता सरांचं काही खरं नाही. सरांनी त्यांना बसवलं, चहा मागवला आणि म्हणाले, "साहेबांनी केलेल्या कामांची यादी द्या ना, नळ कुठे आला, गटार कुठे बांधलं. एकेक छापील कात्रण लावून मी स्वतः लिहितो." ते म्हणाले, पाठवतो. यादी काही आली नाही, पण 'कार्यसम्राट' येणं बंद झालं.

असा हा माणूस. आणि त्याला त्या एवढ्या मोठ्या कोशात स्वतःचं म्हणून एकच वाक्य हवं होतं.

सरांचं लहानपण कल्याणजवळच्या मोहन्याला गेलेलं. वडील तिथल्या रेयॉनच्या सुताच्या कारखान्यात पाळीवर. त्यांच्या चाळीत सोनूताई म्हणून एक बाई होत्या. नवरा कारखान्यातच, स्वतः चौथी शिकलेल्या. दुपारी पुरुष कामावर गेले की चाळीतल्या बायका सोनूताईंच्या खोलीत जमायच्या आणि त्या त्यांना लिहायला-वाचायला शिकवायच्या. सरांची आई त्यांतली एक. सर चार-पाच वर्षांचे, आईचा पदर धरून बसायचे, आणि बायकांच्या मधे बसून ते आईच्या आधी वाचायला लागले. सोनूताईंचा कुठे फोटो नाही, सत्कार नाही, पेपरात नाव नाही. सर कॉलेजला जायच्या आधीच त्या गेल्या. त्यांना मूलबाळ नव्हतं.

कोशात मोहन्यावर एक लेख होता. नदी, कारखाना, लोकसंख्या. सरांनी त्यात एक वाक्य घातलं: 'येथील चाळीत सोनूताईंनी कामगारांच्या बायकांना लिहायला-वाचायला शिकवले.' त्याच दुपारी त्याच्यापुढे स्वतःच 'संदर्भ हवा' असं लिहिलं. महिनाभर वाट बघितली. संदर्भ कुठून येणार? मग स्वतःच ते वाक्य खोडलं. दुसऱ्या कोणी बोटसुद्धा लावलेलं नव्हतं हो! इतिहासाच्या पानावर तिन्ही नोंदी एकाच माणसाच्या. आम्हाला वर्गात प्रोजेक्टरवर दाखवलं आणि म्हणाले, "असं करायचं असतं."

मी म्हटलं, "पण सर, तुम्ही तर स्वतः बघितलंय ना?"

"म्हणूनच माझं चालत नाही. मला ती बाई आवडायची. आवडणाऱ्या माणसाबद्दलची आठवण कामाची नसते. छापील काहीतरी हवं, कोणालाही जाऊन उघडून बघता येईल असं."

मी तिसऱ्या वर्षाला होते तेव्हा सरांना कळलं, त्या बायकांपैकी एक अजून आहेत. काशीबाई. वय ऐंशीच्या पुढे, मोहन्यालाच मुलगा-सुनेकडे राहतात. त्यांची मुलाखत घ्यायची, कॉलेजच्या वार्षिक अंकात छापायची, अंकाचे संपादक सरच, आणि मग तो अंक सोनूताईंच्या वाक्याला संदर्भ म्हणून लावायचा. पण सर स्वतः जाईनात. मी म्हटलं, "सर, तुम्हालाच जास्त सांगतील त्या." तर म्हणाले, "ज्याला उत्तर हवंय त्याने विचारायला जाऊ नये. मला हवं तेच मी त्यांच्या तोंडून वदवून घेईन. तू जा. तू प्रश्न विचारून गप्प बसतेस, तो गुण सगळ्यांत नसतो."

मी दोन दिवस हवेत होते.

मोहन्याला गेले तो बुधवार होता. घर शोधून काढलं. सून दारात आली, मंदाताई. म्हणाल्या, "आई आत्ताच झोपल्यात. गोळ्या घेतात ना, त्याने ग्लानी येते. काय काम होतं?" मी सोनूताईंचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "रविवारी या ना, सकाळच्या टायमाला चांगल्या असतात. मी सांगून ठेवते त्यांना." मी म्हटलं, रविवारी नक्की येते. पाणी पिऊन निघाले.

रविवारी आमच्या डोंबिवलीच्या ग्रुपमधल्या एकीचा वाढदिवस निघाला. सगळ्या ठाण्याला तलावपाळीवर फिरायला चाललेल्या. मी म्हटलं, मला मोहन्याला जायचंय. त्या म्हणाल्या, काय यार, म्हातारी काय पळून चाललीये? मी गेले तलावपाळीला. घोडागाडीत बसलो, आइस्क्रीम खाल्लं, फोटो काढले. दुसरं काही कारण नव्हतं. कोणी आजारी असतं, घरात काही अडचण असती, तर आज निदान ते तरी सांगता आलं असतं.

मंगळवारी लेख द्यायचा होता. सोमवारी मी घरी बसले आणि मुलाखत रचली.

अवघड नव्हतंच काही. प्रौढशिक्षणावरचा लेख त्याच कोशात होता, त्यातून थोडं घेतलं. सरांनी वर्गात सांगितलेलं थोडं घातलं. पण ते सगळं पुस्तकी वाटत होतं. आमच्या आत्याकडे सूत गुंडाळायचा एक पुठ्ठ्याचा कोन होता, ती त्यात पेनं ठेवायची. माझ्या डोक्यात आलं, कारखान्यातले असे कोन उलगडून सपाट करायचे आणि त्यांवर कोळशाने अक्षरं गिरवायची, पाट्या घ्यायची ऐपत कोणाची होती? काशीबाईंच्या तोंडी घातलं, "आम्ही घरी जायचो तर बोटं काळी. नवरा विचारायचा, आज चुलीत हात घातला काय?" ते लिहून मला इतकं छान वाटलं ना, की मी स्वतःलाच दोनदा वाचून दाखवलं.

सरांनी स्टाफरूममध्ये उभ्या उभ्या वाचलं. मी समोर. कोनांपाशी आले आणि खाली बसले. चष्मा काढला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणाले, "मला हे आठवत नव्हतं गं. एवढं सगळं आठवतं आणि नेमकं हे विसरलो. हे कोणी रचून सांगू शकणार नाही. असलं काही जगलेलंच माणूस सांगतं."

तेव्हा बोलायला हवं होतं. तोंडापर्यंत आलेलं, शपथ. पण त्यांचा चेहरा बघून माझी जीभ उचलेना. खरं सांगू का, मला ते कौतुकही हवं होतं.

मार्चमध्ये अंक निघाला. आमच्या अंकात मुलाखतीखाली मुलांची नावं घालायची पद्धत नव्हती, 'संकलन: तृतीय वर्ष, इतिहास' एवढंच असायचं. सरांनी कोशात सोनूताईंचं वाक्य परत घातलं, खाली अंकाचा संदर्भ दिला. या वेळी कोनांचं एक वाक्यही जास्तीचं घातलं. आणि गंमत म्हणजे, गंमत कसली, मला अजून ते आठवलं की कसंतरी होतं, सरांना आता ते सगळं आठवायला लागलेलं. वर्गात सांगायचे, "दुपारी खोलीत कोळशाचा वास भरलेला असायचा. आईची करंगळी काळी. मी ती पदराला पुसायचो." आठवणीवर विश्वास ठेवू नका म्हणून तीस वर्षं सांगणारा माणूस माझी थाप आठवून आठवून सांगत होता. मी पहिल्या बाकावर बसून लिहून घेत होते.

एप्रिलमध्ये परीक्षा झाल्यावर निकालाच्या काही कामासाठी कॉलेजात गेले. स्टाफरूम रिकामी. सर एकटेच, समोर अंकांचे गठ्ठे, डिंकाची बाटली आणि कागदाच्या कापलेल्या पट्ट्या. एक पट्टी उचलून बघितली. 'शुद्धिपत्र. या अंकात छापलेली श्रीमती काशीबाई यांची मुलाखत प्रत्यक्षात झालेली नाही. घशाच्या शस्त्रक्रियेमुळे त्यांचा आवाज तीन वर्षांपूर्वीच गेला होता. डिसेंबरमध्ये त्यांचे निधन झाले. ही मुलाखत पडताळून न पाहता छापली, हा दोष सर्वस्वी संपादकाचा आहे.' खाली सरांचं पूर्ण नाव.

अंक हातात घेऊन, पेढे घेऊन सर काशीबाईंचे आभार मानायला मोहन्याला गेलेले. उत्तर मिळून गेल्यावर आता जायला हरकत नाही म्हणून. तिथे सुनेने त्यांना सांगितलं.

मी पट्टी खाली ठेवली. सरांनी वर बघितलं. ओरडले नाहीत. म्हणाले, "तू तिथे गेली होतीस का? एकदा तरी?"

"एकदा सर. बुधवारी. त्या झोपल्या होत्या."

"परत येते म्हणालीस?"

"हो. रविवारी."

"बरं," म्हणाले. डिंकाच्या बाटलीचं झाकण उघडलं. मग शेजारची खुर्ची सरकवली. "बस. चारशे प्रती आहेत. मी पान उघडून देतो, तू पट्टी लाव."

अख्खी दुपार आम्ही त्या पट्ट्या लावल्या. माझ्या हाताने, माझ्याच लिहिलेल्या पानावर. मी मधेच रडायला लागले, तर म्हणाले, "पानावर पाणी पडू देऊ नकोस, अक्षर फुटतं." एक पट्टी वाकडी लागली, ती त्यांनी सोडवून सरळ लावली. मुलाखतीबद्दल एक शब्द नाही. का केलंस, एवढंसुद्धा विचारलं नाही. विचारलं असतं तर मी पाय धरले असते. पाच वाजता म्हणाले, "जा आता. स्टेशनपर्यंत रिक्षाला रांग लागते नंतर." आणि मी गेले.

सरांना त्याची बरीच किंमत मोजावी लागली. अंकाचं संपादन काढून घेतलं. ज्या मॅडमच्या भाचीची पत्रिका होती, त्या आता त्यांना बघून "संदर्भ हवा" म्हणायच्या, चारचौघांत. कोशातून त्यांनी दोन्ही वाक्यं स्वतःच काढली आणि लेखामागच्या चर्चेच्या पानावर कबुली लिहिली. तिथे कोणीतरी त्यांना 'खोडसाळ सदस्य' म्हटलं आणि त्यांनी वर्षानुवर्षं केलेल्या नोंदी एकेक करून तपासायला घेतल्या. सर म्हणाले, बरोबर आहे त्यांचं, मीही हेच केलं असतं. त्यानंतर त्यांनी त्या कोशात काही लिहिलं नाही. पाट्यांवर, पत्रिकांवर लिहिणंही थांबलं. कॅन्टीनच्या बोर्डावर 'शुद्ध' परत आलं, त्यांनी तिकडे बघितलंही नाही.

मी एमए केलं, नोकरीला लागले. माझ्या अर्जाला शिफारसपत्र सरांचं होतं. मागायची हिंमत नव्हती, त्यांनीच घरच्या पत्त्यावर पाठवलं. त्यात लिहिलेलं, 'तळटीपेच्या मागे पायी जाणारी विद्यार्थिनी.' ते वाचून मी दोन दिवस जेवले नाही.

शेवटची भेट त्यांच्या कल्याणच्या घरी. आजारी होते, आवाज खोल गेलेला. मी माफी मागायची असं ठरवून गेले होते, वाक्यंसुद्धा जुळवून ठेवलेली. त्यांनी तिकडे वळूच दिलं नाही. माझ्या वर्गातली मुलं काय करतात, तिकिटं लावतात का, असलंच विचारत राहिले. निघताना म्हणाले, "एक विचारू का तुला? मला तो कोळशाचा वास अजून येतो. आई आठवली की येतोच. तो तुझा, हे मला माहीत आहे. पण मग बाकीचं? ती खोली, त्या बायका, सोनूताईंचा हात धरून मी काढलेला पहिला 'अ'? त्यातलं माझं कोणतं, ते मला आता सांगता येत नाही." रागाने नाही म्हणाले. खरंच विचारत होते, मला काही माहीत असेल म्हणून. तीन महिन्यांनी ते गेले.

मागच्या वर्षी माझ्या वर्गातल्या एका मुलीने प्रोजेक्ट दिला, 'आपल्या भागातील स्त्रीशिक्षण'. तिसऱ्या पानावर पुठ्ठ्याचे कोन. कोळसा. काळी बोटं. मी म्हटलं, हे कुठून आणलंस? ती म्हणाली, "मॅडम, सगळीकडे सेम आहे. बारा-पंधरा साइटवर आहे, मी चेक केलंय." कोशातून वाक्य निघालं, पण तोवर ज्यांनी ज्यांनी उतरवून घेतलेलं, त्यांचं कोण खोडणार? मी म्हटलं, "पंधरा जणांनी एकाचंच बघून लिहिलं तर तो एकच झाला ना गं?" तिने निमूट मान डोलावली आणि विचारलं, "पण मॅडम, चुकीचं आहे हे कशावरून?"

तिला सांगायला हवं होतं. वर्ग भरलेला होता. मी म्हटलं, "नंतर बोलू," आणि वहीवर सही केली. घरी येऊन स्वतःला इतक्या शिव्या घातल्या. दुसऱ्यांदा तेच केलं मी, वय एवढं वाढूनही.

त्याच रविवारी मी मोहन्याला गेले. मंदाताईंनी ओळखलं नाही. ओळखणार कशा, एकदाच तर बघितलेलं, तेही दारात. बसा म्हणाल्या. मी सगळं सांगून टाकलं. तलावपाळीपासून. म्हटलं, ती खोटी मुलाखत लिहिणारी मुलगी मीच. सरांची काही चूक नव्हती. तुमच्या सासूबाईंना जे सांगायचं होतं त्यातलं तुम्हाला काही आठवत असेल तर सांगा, मी ते तुमच्या नावाने छापून आणते. छापता आलं नाही तर निदान माझ्या मुलांना वर्गात सांगते.

त्या माझ्यासमोर येऊन बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे बुधवारी आलेल्या त्या तुम्ही?"

"हो."

"तुम्ही गेल्यावर मी आईंना उठल्या उठल्या सांगितलं, कॉलेजची मुलगी आलेली, सोनूताईंचं विचारायला. तर त्या उठून बसल्या. पोरीची जुनी वही मागून घेतली माझ्याकडनं. आवाज नव्हता ना, मग सगळं लिहूनच सांगायच्या आम्हाला. चहात साखर कमी झाली तरी लिहून. आम्हाला त्याची सवय झालेली, म्हणून तुम्हाला दारात सांगायचं राहिलंच माझं. चार दिवस लिहीत होत्या बघा. रविवारी धुतलेलं लुगडं नेसल्या आणि वही मांडीवर घेऊन बसल्या, सकाळी आठपासनं."

मला पुढचं ऐकायचं नव्हतं. तरी विचारलं, "मग?"

"मग काय. पुढच्या रविवारीपण बसल्या. मी म्हटलं, आई, पोरीबाळी आहेत, विसरल्या असतील. तर वहीच्या कडेला लिहून दाखवलं, 'येईल.' मग ती वही उशीखाली ठेवायच्या. डिसेंबरात गेल्या त्या. अंथरूण-पांघरूण सगळं टाकून दिलं आम्ही, त्यात गेली असणार. मला तर तुमचे सर आले तेव्हा आठवण झाली वहीची."

"सरांना सांगितलंत तुम्ही? वहीचं?"

"सांगितलं की. तुम्ही बसलाय ना, तिथेच बसलेले. पेढ्यांचा बॉक्स मांडीवर. मग उठताना हात जोडले आणि म्हणाले, ती मुलगी कधी आली तुमच्याकडे, तर हे वहीचं तेवढं तिला सांगू नका."

मी तोंडावर पदर धरला. मंदाताई गडबडल्या, पाणी आणायला उठल्या. "अहो ताई, एवढी वर्षं झाली, आणि सरपण गेले म्हणालात, म्हणून बोलून गेले मी. मी तेव्हा विचारलेलं त्यांना, का नको सांगू? तर म्हणाले, लहान आहे ती."

मी तेव्हा एकवीस वर्षांची होते.